पेट्रोलच्या वासास अनावृत पत्र

पेट्रोलच्या वासा,

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा लोकांनी तुला फार लाडावून ठेवलं आहे. गॅरेजचं शटर वर केलं की आधी तू सामोरा येतोस, आणि आम्ही मागे सरायचं सोडून छाती भरून श्वास घेतो. एखाद्या पाहुण्याने नाकाला रुमाल लावला तर वर कौतुकाने सांगतो, 'जुनी गाडी म्हटल्यावर वास यायचाच.' तुला आज लिहायला बसलो आहे ते या एका वाक्याविरुद्ध. जुन्या गाडीला वास यायलाच हवा असं काही नाही. तू येतोस तेव्हा कुठल्या तरी ठरावीक जागेतून येतोस, आणि ती जागा शोधून बुजवता येते.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एकच सोलेक्स कार्बोरेटर. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेली ही गाडी पुढे प्रेसिडेंट झाली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. आता ज्या चालू स्थितीत उरल्यात त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी घरी, बंगल्याच्या पोटातल्या गॅरेजमध्ये उभ्या आहेत. रविवारी सकाळी निघतात, नाश्त्यापर्यंत परत येतात आणि पुढचा आठवडाभर बंद शटरमागे असतात. टॅक्सी दिवसभर धावायची, तू वाऱ्यावर उडून जायचास. उभ्या गाडीपाशी तू साचतोस. आणि बंगल्याची रचना अशी की गॅरेजच्या वरच झोपायची खोली, आणि गॅरेजमधून थेट जिन्यात उघडणारं एक दार.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. तो वास आला की घरातलं लहान पोरही काय करायचं ते सांगतं: खिडक्या उघडा, बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा. तू तर निसर्गतःच वास घेऊन येतोस, कुणी काही मिसळावं लागत नाही. तरी तुझ्या बाबतीत आम्ही यातलं काहीच करत नाही. गॅसच्या वासाला धोक्याची घंटा मानणारं तेच घर तुला मात्र आठवणींचा वास मानून शेजारी झोपू देतं. मला हे पटत नाही.

तुझ्याबद्दल अतिशयोक्तीही करायची नाही. तू नाकाला लागलास म्हणजे आता भडका उडणार असं नव्हे. माणसाचं नाक तुला हवेत दहा लाखांत एखादा भाग असतानाही ओळखतं, आणि पेट घेण्यासाठी हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 टक्के तरी लागते, म्हणजे त्याच्या हजारो पट. मात्र ही वाफ खोलीभर सारखी पसरत नाही. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, खाली बसते, कोब्यावरून सरपटत उताराकडे जाते. उभ्या माणसाच्या नाकाशी तू पुसट असतोस तेव्हा त्याच्या घोट्यापाशी दाट असू शकतोस. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली 40 अंशांपेक्षाही खाली आहे, त्यामुळे महाबळेश्वरच्या थंडीतही ही वाफ तयार होतच राहते. एक लिटर पेट्रोल गळून उडालं तर दहा घनमीटरपेक्षा जास्त हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. एका गाडीच्या गॅरेजमध्ये हा थर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत येतो.

आणि आगीशिवायही तुझा हिशोब आहेच. तुझ्यात बेंझीन असतं. बीएस-6 पेट्रोलमध्ये ते 1 टक्क्याच्या आत ठेवायचं बंधन आहे, पण आहे ते आहेच, आणि माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याची गणना होते. अलास्कातल्या अँकरेज शहरात आणि कॅनडात घराघरांतली हवा मोजली गेली तेव्हा घराला जोडून असलेल्या गॅरेजमुळे घरातलं बेंझीन वाढलेलं आढळलं. तिथली गॅरेजं थंडीसाठी घट्ट बंद असतात हे खरं. आपली पावसाळ्यात असतात.

तुझी ओळख पटवायची माझी पद्धत सोपी आहे. मी तुझ्या वेळा बघतो.

गाडी फिरवून आणली, इंजिन बंद केलं आणि पुढचा अर्धा-पाऊण तास तू आलास, तर ते कार्बोरेटरचं नेहमीचं आहे. चालत्या गाडीत वारा आणि ताजं पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवतात. बंद केल्यावर इंजिनची सगळी धग वर चढते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल तापतं आणि वाटीला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून उडून जातं. त्या काळच्या गाड्या तशाच बनायच्या. कॅलिफोर्नियाने 1970 पासून आणि सगळ्या अमेरिकेने 1971 पासून नव्या गाड्यांना ही वाफ कोळशाच्या डब्यात अडवायला लावली. इंजिन चालू झालं की डब्यातली वाफ शोषून जाळली जाते. आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही आता तो डबा असतो, म्हणून त्यांच्या गॅरेजला तुझा पत्ता नसतो. पद्मिनीला असा डबा नव्हता. यावर उपाय असा की, परतल्यावर गाडी लगेच आत घालायची नाही. अंगणात, सावलीत, बॉनेट वर करून निवू द्यायची आणि हात लावता येईल इतकं इंजिन गार झालं की मग आत. चहा पिऊन होतो तेवढ्यात.

सकाळचं वेगळं. रात्रभर उभ्या असलेल्या, पार गार झालेल्या गाडीपाशी शटर उघडताच तू आलास, तर तो धगीचा परिणाम नसतो. कुठेतरी गळतंय किंवा झिरपतंय. सकाळच्या तुला 'जुनी गाडी आहे' म्हणून सोडून देणं मी पूर्ण थांबवलं आहे, आणि इतरांनीही थांबवावं असं मला कळकळीने वाटतं.

आधी नळ्या. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत मधेमधे रबराचे तुकडे असतात. पेट्रोल त्यातून थेंबथेंब गळायलाच हवं असं नाही. जुनं रबर सरळ अंगातूनच वाफ सोडतं. नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते, क्लिप घट्ट असते आणि तरी तू तिथेच असतोस. स्वच्छ सुती फडकं नळीवरून घट्ट घासायचं आणि बाजूला जाऊन ते हुंगायचं. फडक्याला तुझा वास लागला तर ती नळी संपली, दिसायला कितीही चांगली असो.

इथे इथेनॉलचं सांगायला हवं, कारण तुझा मुक्काम अलीकडे वाढला त्यात त्याचा हात आहे. 2022 च्या मध्यावर देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी 10 टक्के इथेनॉल झालं, 2023 पासून 20 टक्क्यांचं मिश्रण पंपांवर येऊ लागलं आणि 2025 मध्ये ते सर्रास झालं. यातलं पुष्कळ इथेनॉल आपल्याच महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून येतं. ऊसवाल्यांच्या दृष्टीने त्याचं महत्त्व मी जाणतो आणि त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण पद्मिनीचं रबर, तिची बुचाची पॅकिंगं, पंपाचा डायफ्राम, हे सगळं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलं होतं. इथेनॉलने असं रबर फुगतं, मऊ होतं, मग वाळलं की तडकतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीला आतून गंज लावायला मदत करतं. कधी काळी दहा-दहा वर्षं टिकणारी नळी आता त्याच्या खूप आधी दगा देते. बाजारात साधी काळी पेट्रोल नळी स्वस्तात मिळते, ती घेऊ नये. फ्लुओरोरबराचं अस्तर असलेली नळी मागावी, तिच्यावर 'एसएई जे30 आर9' असं छापलेलं असतं. ती महाग पडते, पण तिच्यातून वाफ झिरपायचं प्रमाण साध्या नळीच्या मानाने अगदी थोडं असतं, आणि इथेनॉलही ती सोसते. गाडीत एकूण नळी लागते ती हातभर-दोन हात. पेंटवर हजारो रुपये घालणारे आम्ही लोक तेवढ्या नळीला कंजुषी करतो.

मग पंप. मेकॅनिक मंडळी ज्याला एसी पंप म्हणतात, तो इंजिनला बाहेरून बसवलेला असतो आणि आत एक डायफ्राम वरखाली होत पेट्रोल ओढतो. डायफ्रामला चीर गेली की पेट्रोल पंपाच्या अंगावरच्या छोट्या भोकातून बाहेर येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे खाली इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढून हुंगायची सवय लावून घ्यावी. ऑइलला तुझा वास असेल, पातळी न घालताच वाढलेली असेल, तर गाडी चालवायची नाही. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगं जातात आणि क्रँककेसमध्ये वाफ भरते.

कार्बोरेटरमध्ये फ्लोटची सुई नीट बसली नाही तर वाटी भरून वाहते. सुईखाली गंजाचा कण अडकला तरी पुरतो. एक गोष्ट मला फार उशिरा एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दाखवली: गॅरेज उताराचं असेल आणि गाडी नाक खाली करून उभी असेल, तर टाकी कार्बोरेटरपेक्षा उंच होते. सुई जराशी झिजलेली असेल तर पेट्रोल आपोआप उतरत राहतं, रात्रभर. गाडी उलटी लावली की थांबतं. ज्यांना पैसे घालायचे आहेत त्यांनी टाकीच्या बाहेर एक कॉक बसवून घ्यावा. लॅम्ब्रेटा आणि चेतक चालवलेल्या पिढीला सांगायला नको. स्कूटर लावली की कॉक बंद करायचा हे तिच्या हाताला माहीत होतं. गाडी गॅरेजमध्ये घालण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत बाहेर चालू ठेवलं तर वाटी रिकामी होते, उडायला मागे फारसं काही उरत नाही. बाहेर म्हणजे बाहेरच. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवण्याचा धोका तुझ्याहूनही मोठा आहे आणि त्याला वासही नसतो.

टाकीबद्दल दोन गोष्टी. झाकणाला हवेची वाट ठेवलेली असते. तू तिथून येतोस हे कळल्यावर काहीजण ती वाट लुकण लावून बुजवतात. मग उन्हात टाकीत दाब चढतो आणि पेट्रोल सुईला ढकलून कार्बोरेटरमध्ये शिरतं, किंवा चालताना टाकीत पोकळी होऊन गाडी घाटात मधेच बंद पडते. झाकणाचं पॅकिंग बदलावं, वाट मोकळी ठेवावी. दुसरं, टाकी काठोकाठ भरू नये. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल 30 लिटर भरून घेतलं आणि पत्र्याच्या गॅरेजमध्ये ते 10 अंशांनी तापलं तर जवळजवळ 300 मिलिलिटर वाढतं, आणि जागा नसेल तर भरायच्या तोंडाच्या रबरी जोडातून बाहेर येतं. डिकीतल्या गालिच्याला लागलेला तू मग महिनोन्‌महिने जात नाहीस. फ्लोट मीटरच्या खालचं पॅकिंगही याच वेळी बघून घ्यावं.

टाकीलाच गंजाने बारीक छिद्र पडलं असेल तर काढून, धुऊन, जाणकाराकडूनच दुरुस्त करावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिला वेल्डिंगची ज्योत लावणाऱ्याचा जीव जातो. हे एक वाक्य कितीही वेळा लिहायची माझी तयारी आहे.

आता गॅरेजकडे वळतो. आपल्या बंगल्यांची गॅरेजं कधीच नुसती गॅरेजं नसतात. तिथे पाण्याच्या मोटरचा स्टार्टर असतो, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी असते, जुना फ्रीज असतो, कुठे गॅसचा गिझर असतो, आणि मधोमध हौदाचं लोखंडी झाकण असतं. यातल्या प्रत्येकात ठिणगी आहे, आणि झाकणाच्या फटीतून तू हौदात उतरून बसू शकतोस. अमेरिकेत गॅरेजमधल्या गिझरची ज्योत जमिनीपासून निदान 18 इंच वर असावी असा नियम आहे, तो तुझ्या जडपणामुळेच. आपण किमान इन्व्हर्टर आणि गिझर तिथून हलवू शकतो, स्टार्टर बाहेरच्या भिंतीवर नेऊ शकतो. वायरमनचं एका दिवसाचं काम आहे.

तुला घालवायला लोक काय काय करतात ते पाहून मात्र माझा जीव वरखाली होतो. उदबत्ती लावतात. धूप फिरवतात. एका घरी गॅरेजमध्ये कापूर जाळलेला मी पाहिला आहे. वास झाकायला ज्योत न्यायची ती नेमकी तुझ्याच घरात. आणि दसऱ्याला तर आम्ही सगळेच ते करतो: गाडी धुऊन पुसून जागेवरच उभी, बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे कोब्यावर निरांजन. पूजा जरूर करावी, माझ्या घरी दर वर्षी होते. पण गाडी आदल्या दिवशी अंगणात काढावी आणि पूजा उघड्यावर करावी. हार तिथेही तेवढाच शोभतो.

सांडलेल्या पेट्रोलवर पाणी ओतून ते गटारात ढकलू नये. शटर उघडायचं, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकायची, शोषलं की उचलून मोकळ्या जागी पसरून ठेवायची, मग साबणाच्या पाण्याने कोबा घासायचा. कोबा सच्छिद्र असतो, जुनं सांडलेलं त्यात मुरून राहतं आणि ऊन तापलं की तू पुन्हा वर येतोस. सगळं शोधूनही गळती सापडत नाही तेव्हा कधीकधी तू गाडीत नसतोसच, जमिनीत असतोस. पार्ट धुवायला पेट्रोल वापरायची खोड मोडावी, डिझेल किंवा घासलेटने काम होतं. आणि बिसलरीच्या बाटल्यांतून 'असू दे कामाला' म्हणून ठेवलेलं पेट्रोल आजच बाहेर काढावं. 1934 चा पेट्रोलियम कायदा घरगुती वापराला 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो, पण तेही घट्ट बुचाच्या ठरावीक भांड्यांत. पाण्याची पातळ बाटली त्यात बसत नाही.

हवेसाठी माझं मत सरळ आहे. वर झरोका पाडून काही होत नाही, तू खाली असतोस. समोरासमोरच्या दोन भिंतींना जमिनीलगत जाळ्या बसवाव्यात, उंदरांसाठी बारीक जाळीच्या, आणि पावसाळ्यात प्लास्टिकने झाकू नयेत. साधा एक्झॉस्ट पंखा लावू नये, कारण तुझी वाफ त्याच्या मोटरवरूनच जाते. लावायचाच तर कारखान्यांत असतो तसा फ्लेमप्रूफ, आणि त्याचं बटण गॅरेजबाहेर. जिन्याच्या दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावावी आणि ते आपोआप बंद होईल असं करावं. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नये, सुती घालावं.

एवढं सगळं केल्यावर तू गेलास की नाही हे ठरवायचं कुणी? मी नाही ठरवू शकत. नाक दहा-पंधरा मिनिटांत तुला सरावतं, आणि वर्षानुवर्षं गाडीत डोकं घालून बसलेल्या माणसाला तर तू असून नसल्यासारखा होतोस. म्हणून शटर रात्रभर बंद ठेवतो आणि सकाळी देवाची फुलं काढायला बाहेर गेलेली आई परत आली की तिला गॅरेजच्या दारात उभी करतो. ती गाड्यांतलं काही जाणत नाही, फियाट कुठली आणि अॅम्बॅसिडर कुठली हेही तिला सांगावं लागतं. तिने 'येतोय रे' म्हटलं की वाद घालायचा नाही, फडकं घेऊन बॉनेट उघडायचं.

तुझा,
एक पद्मिनीवाला